धूर गेल्यावरच रोडगे टाका: थंडीत वावरातल्या जेवणाचा सगळा हिशोब

डिसेंबर लागला की आमच्याकडे पुण्या-मुंबईच्या भाच्यांचे, साळ्यांचे फोन सुरू होतात, "भाऊजी, रोडग्याचा प्रोग्राम कधी ठेवता?" रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात-राखेत भाजलेले जाड्या कणकेचे गोळे. आणि दरवर्षी त्यातला एक तरी जण पुढच्या महिन्यात तिकडे गेल्यावर गच्चीवर किंवा फार्महाऊसवर स्वतः करून पाहतो, मग रात्री साडेदहाला फोन येतो की वरून कोळसा झालाय आणि आतून पीठ चिकटतंय, आता काय करू. आता काय करणार, तव्यावर चपटे करून भाज आणि झोप. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू, गोवऱ्या किती लागतात इथपासून ते दुसऱ्या दिवशी उरलेल्या रोडग्यांचं काय करायचं इथपर्यंत. मी काही आचारी नाही, पण गावात पंधरा-वीस वर्षं जगऱ्यापाशी म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवापाशी बसण्याचं काम माझ्याकडेच आहे, त्यामुळे चुका भरपूर करून झाल्यात.

आधी थंडीबद्दल थोडं, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं विदर्भ म्हणजे फक्त ऊन. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशावर गेला होता राजेहो, त्या दिवशी सकाळी आमच्या बादलीतल्या पाण्यात हात घालायची कोणाची हिंमत नव्हती. समुद्र लांब, आभाळ मोकळं, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य बुडाला की भराभर थंड होते. दुपारी बाराला शर्टाच्या बाह्या वर करून कापूस वेचणारी बाई संध्याकाळी सहाला कानाला फडकं बांधून शेकोटीपाशी दिसते ती याच्यामुळेच. आणि थंड हवा जड असते, ती खाली नाल्याकडे उतरून बसते, म्हणून नाल्याकाठच्या वावरात गावापेक्षा जास्त हुडहुडी भरते. हे सांगायचं कारण म्हणजे जागा निवडताना याचा उपयोग होतो, पुढे सांगतो.

वेळ कोणती धरायची

बहुतेक लोक रविवारी दुपारचं जेवण ठेवतात. माझं मत वेगळं आहे. दुपारी ऊन असतं, जगऱ्याची धग नकोशी होते, आणि सहाला जेव्हा खरी थंडी पडते तेव्हा सगळे घरी जाऊन ब्लँकेटमध्ये. त्यापेक्षा संध्याकाळचं धरा, म्हणजे तीच आग रोडगे पण भाजते आणि शेकायला पण कामी येते. फक्त एक लक्षात ठेवा, डिसेंबरात इकडे साडेपाच-पावणेसहाला दिवस बुडतो आणि मोबाईलच्या उजेडात रोडगा कच्चा की पक्का हे कळत नाही, म्हणून भाजण्याचं मुख्य काम उजेडात झालं पाहिजे.

आमचं टाइमटेबल असं असतं. दीडला घरी डाळ भिजत घालायची. तीनला वावरात पोचायचं, सव्वातीनला वरणाची डाळ चुलीवर. साडेतीनला पीठ भिजवायचं. चारला गोवऱ्या पेटवायच्या आणि त्याच वेळी दुसऱ्या चुलीवर भाजीला फोडणी. पावणेपाचला रोडगे आत. सव्वापाचला राखेत दाबायचे. पावणेसहाला बाहेर काढायचे. यात अर्धा तास इकडे-तिकडे होतोच कारण कोणीतरी एक जण मीठ विसरतोच, आमच्याकडे सलग तीन वर्षं मीठच विसरलं गेलं, आता मी गाडीच्या डिक्कीत कायमची एक पुडी ठेवून दिलीय.

पंधरा माणसांचं सामान

मोठं माणूस दोन ते तीन रोडगे खातं, सरासरी अडीच धरा. एक किलो पिठाचे साधारण चौदा होतात. पंधरा माणसांना तीन किलो पीठ घ्या, चाळीस-बेचाळीस होतील, चार-पाच उरले पाहिजेत असा हिशोब ठेवा कारण सकाळी ते लागतात.

पीठ पोळीचं चालत नाही. चक्कीवाल्याला सांगायचं "रोडग्याचं दळून दे, जाडं काढ", त्याला बरोबर कळतं. बोटांत चोळल्यावर रवाळ लागलं पाहिजे. जाडं पीठ मिळालंच नाही तर पोळीच्या तीन भाग पिठात एक भाग रवा मिसळा, काम चालून जातं. तीन किलोला तीन वाट्या तेल, वाटी म्हणजे आपली आमटीची छोटी वाटी, सहा चहाचे चमचे मीठ, तीन मोठे चमचे ओवा हातावर चोळून, आणि आवडत असेल तर मूठभर मक्याचं पीठ, त्याने वरचं आवरण खुसखुशीत होतं. सोडा टाकू नका. टाकणारे टाकतात, रोडगा फुगतो पण, मात्र दुसऱ्या घासाला तोंड कोरडं पडतं आणि रोडग्याची जी मजा आहे, पापुद्रे सुटायची, ती जाते.

वरणाला एक किलो तुरीची डाळ. भाजीला तीन किलो वांगी, अर्धा किलो आलू, एक किलो कांदे, दीडशे ग्रॅम लसूण, शंभर ग्रॅम अद्रक, पाव किलो सुकं खोबरं, चार-पाच भेदरं म्हणजे टमाटर, आणि सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर हो. आमच्या पुण्याच्या जावयाला पहिल्या वर्षी "बाजारातून दहा रुपयाचा सांबार आणा" म्हटलं तर तो हॉटेलात डबा घेऊन उभा होता.

तेल अर्धा लिटर भाजीला वेगळं. हो अर्धा लिटर, पंधरा माणसांना, ओरडू नका, तर्री आल्याशिवाय ती वांग्याची भाजी नाही. आम्ही फल्लीचं म्हणजे शेंगदाण्याचं तेल वापरतो. तूप अर्धा किलो, घरचं असलं तर काही बोलायलाच नको.

गोवऱ्यांचा हिशोब मोठ्या बाबांनी शिकवलेला आहे तो आजवर चुकला नाही: एका रोडग्याला एक गोवरी, वर दहा जास्तीच्या. म्हणजे चाळीस रोडग्यांना पन्नास. गोवरी पूर्ण वाळलेली पाहिजे, दोन्ही हातांनी मोडली की कट्‌ असा आवाज येऊन तुटली पाहिजे. वाकली तर ती ओली, ती नुसती धुपते आणि रोडग्याला धुराचा कडवट वास लागतो. दिवाळीनंतर थापलेल्या गोवऱ्या डिसेंबरात वरून वाळलेल्या दिसतात पण आत ओल असते, म्हणून उन्हाळ्यातल्या, कोठ्यात रचून ठेवलेल्या मागून घ्या. रानात चरणाऱ्या ढोरांचं पडल्याजागी वाळलेलं शेण मिळालं तर ते सगळ्यात भारी, त्यात भुसा-माती काही नसतं आणि आर म्हणजे निखारे छान पडतात. शहरात आजकाल गोवऱ्या पाकिटात मिळतात, पातळ असतात त्या, लवकर राख होतात, एकाच्या जागी दोन धरा.

जागा

हे मी मुद्दाम लांबवून लिहितोय कारण यात माझं स्वतःचं नुकसान झालंय. डिसेंबर-जानेवारीत वावरात सगळं वाळलेलं असतं. कापूस वेचणीचे ढीग, पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, सोयाबीनचं कुटार, कडब्याची गंजी, तूर कापून ठेवलेली असेल तर ती. यातलं काहीही एका ठिणगीचं गिऱ्हाईक आहे. आठेक वर्षांपूर्वी आम्ही मस्त जेवलो, वरवर पाणी शिंपडलं, घरी आलो. राख वरून थंड होती, आतून नव्हती. पहाटे वारा सुटला आणि तुरीच्या ढिगाचा एक कोपरा जळाला. शेजारच्या वावरात ओलिताला आलेल्या गड्याने बघितलं म्हणून बाकीचा वाचला, नाहीतर त्या वर्षीची तूर गेलीच होती.

तेव्हापासूनचा आमचा नियम: ढिगापासून, गंजीपासून कमीत कमी पन्नास पावलं लांब, आणि वारा ढिगाकडून आपल्याकडे येत असला पाहिजे, आपल्याकडून ढिगाकडे नाही. चारी बाजूंनी पाच-सहा हात जागा फावड्याने खरवडून काळी माती उघडी करा, वाळलेलं गवत एक काडी नको. दोन बादल्या पाणी आधी भरून ठेवा, मग काडी ओढा. विहिरीजवळची उंचवट्यावरची जागा सगळ्यात चांगली, पाणी जवळ आणि नाल्यातल्यापेक्षा थंडी कमी. धुऱ्यावरच्या म्हणजे बांधावरच्या झाडाखाली लावू नका, वाळका पाला पडलेला असतो.

पीठ आणि रोडगे वळणं

कोपरात म्हणजे मोठ्या परातीत पीठ घ्या, मीठ-ओवा टाका, तेल कोमट करून टाका आणि आधी पाणी न घालता दोन्ही हातांनी पाच मिनिटं चोळा. मूठ आवळली की पीठाचा लाडू झाला पाहिजे आणि बोटाने टोचलं की फुटला पाहिजे, तेवढं मोहन बरोबर. मग कोमट पाणी थोडं थोडं. तीन किलोला साधारण दीड लिटरच्या आतच पाणी लागतं, पण पीठ किती जाडं त्याच्यावर आहे, म्हणून एकदम ओतू नका. पोळीपेक्षा घट्ट, पुरीपेक्षाही थोडं घट्ट. ओल्या फडक्याने झाकून अर्धा तास ठेवा, जाडं पीठ पाणी हळूहळू पितं, घाई केली तर वळताना कडा फाटतात.

आता वळायचं. नुसते गोळे करून टाकणारे पण आहेत, पण आमच्या आजीच्या हिशोबाने ती नुसती बट्टी झाली, रोडगा नाही. लिंबापेक्षा मोठा गोळा घ्या, त्याचे तीन भाग करा, दोन लहान आणि एक मोठा. दोन लहानांच्या तळहाताएवढ्या पुऱ्या लाटा, एकीला तेल लावा, चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरा, दुसरी तिच्यावर ठेवा, तिलाही तेल-पीठ. मोठ्या भागाची जरा मोठी पुरी, तिच्या मधोमध ह्या दोघी ठेवा आणि कडा वर ओढून कचोरीसारखं तोंड बंद करा. तोंड नीट दाबा, तिथूनच राख आत शिरते. मग दोन्ही हातांत फिरवून किंचित चपटं करा, मधली जाडी दोन बोटांपेक्षा जास्त नको. जाड रोडगा दिसायला शानदार दिसतो आणि आत कच्चा राहतो, हौशी लोकांचं अर्ध नुकसान इथेच होतं.

वळलेले रोडगे उघड्यावर ठेवू नका, कोरड्या हवेत पाच मिनिटांत वरची साल तडकते. ओलं फडकं.

जगरा

पऱ्हाट्या आणि तुराट्यांची छोटी जुडी मध्ये उभी करा, तिच्याभोवती गोवऱ्या तिरप्या, एकमेकींना टेकवून, टोपलं उपडं ठेवल्यासारख्या. मध्ये हवा खेळायला पाहिजे, गच्च रचल्या तर धुपत बसतात. दुसरी फेरी पहिलीवर. खालून वाऱ्याच्या बाजूला एक फट ठेवा आणि तिथून पेटवा. घासलेट, डिझेल काही टाकू नका, त्याचा वास शेवटच्या घासापर्यंत जात नाही. वाळका पाला, तुराटी, एखादा कापराचा तुकडा, बस.

आता सगळ्यात कठीण काम, म्हणजे काहीच न करणं. पहिले दहा मिनिटं पांढरा दाट धूर, मग ज्वाळा, मग ज्वाळा बसतात आणि गोवऱ्या लाल दिसतात पण अजून निळसर धूर असतो. याच वेळी कोणीतरी भुकेला माणूस म्हणतो झालं ना टाका आता. मोठे बाबा काठी घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "धूर हाय तोवर टाकू नोको बाप्पा. आगीत नाई भाजत रोडगा, राखेत भाजते." ज्वाळेत टाकलेला रोडगा दोन मिनिटांत बाहेरून काळा पडतो, कवच कडक होतं, आणि ते कवच झालं की आत धग पोचतच नाही, मग कितीही वेळ ठेवा, आतलं पीठ तसंच. भाच्याचा रात्री साडेदहाचा फोन तो हाच.

पेटवल्यापासून चाळीस-पन्नास मिनिटांनी गोवऱ्यांवर पांढरट साय धरते, फुंकर मारली की आतून लाल दिसतं, धूर जवळपास नाही. हाताचा पंजा वीतभर उंचीवर धरा, तीन मोजेपर्यंत धरवला आणि चौथ्याला ओढावा लागला तर बरोबर. एकालाच चटका बसला तर अजून थांबा. लांब काठीने गोवऱ्या फोडा, अर्धा आर एका बाजूला ओढून ठेवा, उरलेला सारखा पसरा आणि त्यावर रोडगे मांडा, एकमेकांना चिकटवून नाही.

दर पाच-सात मिनिटांनी उलटायचे. चिमटा असेल तर चिमटा, आमच्याकडे दोन ओल्या काड्यांनीच करतात, भोकं पडत नाहीत. चारी बाजूंनी, कडेवर उभे करून पण. वीस-पंचवीस मिनिटांत सगळ्यांवर तपकिरी डाग येतात आणि कडक होतात. इथे झालं असं वाटतं पण झालेलं नसतं. आता बाजूला ठेवलेला आर आणि सगळा फुफाटा म्हणजे गरम राख ह्यांच्यावर ओढून पूर्ण झाका, एकही रोडगा दिसला नाही पाहिजे, आणि पंचवीस ते तीस मिनिटं विसरून जा. या वेळात भाजी चाखायची, पोट्ट्यांना ओरडायचं, शेकत बसायचं.

झालाय का हे कसं ओळखायचं तर एक बाहेर काढा, बोटाच्या पेराने वाजवा, ठक ठक पोकळ आवाज आला पाहिजे. फडक्यात धरून दाबा, फुटला आणि आतून वाफ आली, पापुद्रे दिसले, तर सगळे काढा. चेपल्यासारखा वाटला आणि फुटला नाही तर अजून दहा मिनिटं. काढलेले रोडगे जुन्या धोतरात किंवा स्वच्छ पोत्यात टाकून दोघांनी दोन टोकं धरून हेलकावे द्यायचे, एकमेकांवर घासून राख निघून जाते. नंतर एकेक पुसून, फोडून, तुपाच्या गंजात म्हणजे पातेल्यात बुडवायचा. ताटात देताना मोठ्याने विचारतात, "तूप पुरे म्हना जी!" आणि कोणी म्हणत नाही.

वांग्याची भाजी

चातुर्मासात वांगं न खाणारी घरं आमच्याकडे अजून बरीच आहेत, त्यांचं वांगं चंपाषष्ठीला म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला सुटतं, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. काही लोक त्या दिवसाला वांगेसटच म्हणतात. त्यानंतर मग जी वांगी सुरू होतात ती संक्रांतीपर्यंत थांबत नाहीत. थंडीतलं काटेरी वांगं घ्या, देठ हिरवं, हातात वजनदार. हलकं लागलं की आत बिया.

वांग्यांच्या मोठ्या फोडी करून मिठाच्या पाण्यात टाका. कांदे आणि खोबरं आधीच चुलीच्या आरात सालीसकट भाजून घ्या, गॅसवर ही चव येत नाही. भाजलेला कांदा, खोबरं, धने, जिरं, चार लवंगा, दहा मिरे, थोडं दगडफूल घरी पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये. वावरात खलबत्ता असला तर तिथेच, लेकरांना काम मिळतं.

गंजात अर्धा लिटर तेल चांगलं तापवा. अर्धे कांदे बारीक चिरून लालसर होईपर्यंत, मग अद्रक-लसूण, मग टमाटर गळेपर्यंत. आता चुलीतलं लाकूड जरा मागे ओढा आणि मगच तिखट टाका, सत्तर-ऐंशी ग्रॅम, भिवापुरी मिरचीचं असेल तर पहिल्यांदा साठवरच थांबा. मोठ्या आचेवर तिखट टाकलं की जळतं, रंग काळपट येतो आणि सगळे खोकत उठतात. हळद दोन चमचे, आमच्याकडे समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची येते, तिचा रंगच वेगळा. वाटलेला मसाला टाकून तेल सुटेपर्यंत परता, पंधरा मिनिटं लागतात, हात थांबवायचा नाही, तळाला लागतं. तेल सुटलं की आलू, पाच मिनिटांनी वांगी, मीठ, आणि दहा मिनिटं तसंच परतून मग उकळतं पाणी तीन लिटरच्या आसपास. थंड पाणी ओतलं की तर्री बसते, पुन्हा वर येत नाही. म्हणून झाकणावर पाणी ठेवायची पद्धत चांगली, गंजावर खोलगट परात ठेवा, तिच्यात पाणी, ते आपोआप गरम होत राहतं आणि लागेल तसं भाजीत ओतता येतं. वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. वांगी टाकल्यावर डावाने ढवळू नका, गंज फडक्याने धरून हलवा, नाहीतर भरीत होतं. उतरवून सांबार घालून पंधरा मिनिटं झाकून ठेवली की वर बोटभर लाल तर्री.

वरणाचं काही विशेष नाही, डाळ उघड्या गंजात तास-सव्वा तास लागते, हळद आणि चमचाभर तेल टाकलं की उतू कमी जाते. घोटून, जिरं-लसणाची फोडणी. तिखट टाकू नका, भाजी तिखट आहे, तोंड विझवायला वरणच असतं.

सगळं करायला माणसं नसली तर

रोज काही रोडगे होत नाहीत. रोजच्या थंडीत संध्याकाळी घरी काय असतं तर भाकर आणि सोल्याची आमटी. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. शेंगा डिसेंबरात भरतात, दाणा हिरवा, नख लावलं की दबला पाहिजे, पिवळा पडला तर उशीर झाला. चार माणसांना दोन वाट्या दाणे. कढईत चमचाभर तेलावर परता, दाण्यांवर तपकिरी ठिपके येऊन ते फटफट वाजायला लागतात, तेवढ्यावर उतरवा. त्यातले मूठभर बाजूला ठेवा, बाकीचे सहा-सात हिरव्या मिरच्या, दहा लसणाच्या पाकळ्या, जिरं आणि सांबार घालून जाडसर वाटा, बारीक पेस्ट केली की आमटी गिळगिळीत होते. तेलात जिरं, कांदा, वाटण चांगलं परतून पाच वाट्या उकळतं पाणी, बाजूचे दाणे, मीठ, पंधरा मिनिटं खदखदू द्या. ज्वारीची भाकर चुरून त्यात. हे खाऊन कानामागे घाम आला नाही तर मिरच्या कमी पडल्या. शेंगा नुसत्या मीठ घालून वीस-पंचवीस मिनिटं उकडल्या तरी अख्खं घर शेकोटीपाशी तासभर गप्प बसतं.

एकटं माणूस असलं तर गोळा भात. एक वाटी हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा, तिखट, हळद, हिंग, मीठ, दोन चमचे कडकडीत तेल, जरासं पाणी, मुठीत वळतील असे गोळे. एक वाटी तांदूळ अडीच वाट्या पाण्यात शिजायला टाका, पाणी जवळपास आटलं आणि वर भोकं दिसायला लागली की गोळे भातावर ठेवून झाकण, मंद आचेवर पंधरा मिनिटं. ताटात गोळा फोडायचा, भातात कालवायचा आणि वरून लसूण-लाल मिरचीची तेलाची फोडणी. सोबत चिंचेचं सार. तेलात कंजूषी केली तर घशाला टोचतो, आधीच सांगतो.

रात्रीच्या ओलिताला किंवा रानडुकरांच्या जागलीला जाणाऱ्यांसाठी रस्सा वगैरे सोडा, भाकर आणि कोरडं चून म्हणजे पिठलं, जवसाची चटणी, कांदा, फडक्यात बांधून. लाईट रात्रीची आली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला जावंच लागतं. त्यात सगळ्यात वाईट काय तर ओले पाय. गमबूट घाला, एक कोरडा मोज्यांचा जोड खिशात ठेवा. आणि पाय फारच गारठले तर पाईपच्या तोंडाशी जा, जमिनीच्या पोटातलं पाणी थंडीत पण फार थंड होत नाही, पहाटे पाईपमधून पडताना त्याची वाफ दिसते, पाय त्यात धरले की जरा बरं वाटतं. पण मग पुसून कोरडे करायलाच पाहिजे, नाहीतर दुप्पट गारठतात.

शेकोटीबद्दल एकच गोष्ट, पण ती ऐकाच. आर घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत नेऊन दार लावून घेऊ नका. कोळशातून, गोवरीतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला कळत पण नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजत असेल तर झोपायच्या आधी खोली शेकून घ्या, घमेलं बाहेर काढा, आणि मग गोधडीखाली गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून द्या.

निघताना आणि दुसऱ्या दिवशी

वावरातून निघायच्या आधी फुफाटा काठीने उलटायचा, पाणी टाकायचं, पुन्हा उलटायचा, पुन्हा पाणी. चुर्र आवाज येणं बंद झालं की हाताने नाही, पायाने नाही, पंजा वीतभर उंच धरून बघायचं. गरम लागलं तर अजून एक बादली. वरून माती. हे काम लेकरांवर सोडू नका, आणि दारू पिऊन आलेल्या पाहुण्यांवर तर मुळीच नाही.

उरलेले रोडगे फडक्यात बांधून टोपल्यात ठेवा, थंडीत दोन दिवस काही होत नाही. सकाळी दोन प्रकार. एक, हाताने बारीक कुस्करायचे, गूळ किसून, तूप गरम करून ओतायचं, वेलची घालून लाडू वळायचे, लेकरं शाळेत डब्यात नेतात. दुसरा, जो मला आवडतो, कुस्करून कांदा, फल्लीदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता यांची फोडणी, वर लिंबू. मात्र तो खायला उशिरा उठलेल्याला मिळत नाही, कारण आमच्या घरी सातला चूल पेटते आणि साडेसातला कढई घासायला गेलेली असते.